पडद्यामागचा गळा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा यंदा दूरध्वनी आला तो एका अटीसह. "मॅडम, लेख हवा, पण मधुमेह, रक्तदाब आणि निवृत्तीनंतरचे आरोग्य हे तीन विषय वगळून." अट मला मनापासून मान्य झाली. गेली कित्येक वर्षे या पानांतून आपण डॉक्टर मंडळी परस्परांनाच तेल-मीठ कमी करण्याचा उपदेश करीत आलो आहोत, आणि प्रकाशन समारंभ आटोपताच कचोरीच्या ताटलीभोवती गोळा होत आलो आहोत. म्हणून यंदा मी एका चित्रपटाविषयी लिहिणार आहे. चित्रपट सत्तर वर्षांहून जुना, अमेरिकी आणि चक्क नाचगाण्याचा आहे: 'सिंगिंग इन द रेन'.

मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजेच एमजीएम या कंपनीने तो १९५२ साली प्रदर्शित केला. इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आम्ही सारेही स्वतःला 'एमजीएमचे' म्हणवतो. त्यामुळे पडद्यावर तो सिंह मान वळवून डरकाळी फोडू लागला, की आमच्या वर्गातली मुले "बाहेरचे परीक्षक आले!" असे ओरडत. या कंपनीशी आमचे नाते इतकेच.

हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो विद्यार्थिदशेत, सुट्टीत गिरगावात मावशीकडे गेले असता, एका सकाळच्या खेळाला. त्यावेळी लक्षात राहिले ते सर्वांच्याच लक्षात राहते तेवढे: भर पावसात छत्री मिटून, दिव्याच्या खांबाला लटकून नाचणारा जीन केली. बाहेर मुंबईचा पाऊस, आत हॉलिवूडचा. वय असे होते की दोन्ही आपल्यासाठीच पडत आहेत असे वाटावे. पुढे पन्नास वर्षे मी त्या चित्रपटाकडे वळले नाही. गेल्या वर्षी नात सुट्टीला आली, आणि तिच्या हट्टामुळे तो पुन्हा पाहिला. या वेळी पावसातले नृत्य मी नुसते पाहून सोडून दिले, आणि शेवटच्या दृश्याशी मात्र अडकून पडले.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. काळ १९२७ चा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये वॉर्नर ब्रदर्सचा 'द जाझ सिंगर' आला आणि मूकपटांचे दिवस भरले. डॉन लॉकवुड (जीन केली) आणि लीना लॅमाँट (जीन हेगन) ही मूकपटातली लाडकी जोडी. लीनाचे रूप अप्सरेचे, आवाज मात्र किनरा आणि कर्कश. बोलपट काढायची वेळ येताच सगळ्यांची पंचाईत होते. मग डॉनचा मित्र कॉस्मो (डोनाल्ड ओ'कॉनर) युक्ती काढतो, की कॅथी सेल्डन (डेबी रेनल्ड्स) या नवख्या मुलीने ध्वनिमुद्रण करावे आणि लीनाने पडद्यावर फक्त ओठ हलवावेत. कॅथी होकार देते, तोही एका चित्रपटापुरता. पण तिचा आवाज गाजतो, आणि लीनाला वाटते की ही मुलगी आता आपल्यासाठी जन्मभर गात राहावी. करारातला मजकूर दाखवून ती स्टुडिओच्या मालकालाही गप्प बसवते.

बेटी कॉम्डेन आणि अडॉल्फ ग्रीन या लेखकद्वयाने ही पटकथा लिहिली ती उलट्या क्रमाने. निर्माता आर्थर फ्रीड हा मूळचा गीतकार. त्याने नॅसिओ हर्ब ब्राऊन या संगीतकाराबरोबर पूर्वी केलेली गाणी कंपनीकडे पडून होती, आणि त्यांना ओवून घेईल अशी एक कथा त्याला हवी होती. खुद्द शीर्षकगीत १९२९ सालच्या 'हॉलिवूड रेव्ह्यू' मधले. गाणी तर बोलपटाच्या आरंभकाळातली. मग त्याच काळाची गोष्ट का सांगू नये, असा विचार लेखकांनी केला. घरात शिल्लक असलेल्या वस्तूंतून पंगत उठवणाऱ्या सुगरणीचे कौतुक करावे तसे मला या दोघांचे कौतुक वाटते.

बोलपटाच्या पहिल्या दिवसांतल्या फजितीचे प्रसंग तर डॉक्टरांनी आवर्जून पाहावेत. ध्वनिग्राहक झुडपात लपवला तर लीना तोंड वळवून बोलते आणि निम्मे शब्द हवेत विरतात. म्हणून तो तिच्या कपड्यांत छातीशी शिवला जातो. लगेच आतून 'धप् धप्' असा आवाज येऊ लागतो, दिग्दर्शक चक्रावतो, आणि तंत्रज्ञ सांगतो की हे बाईंचे हृदय आहे. नात हसली. मी मात्र सवयीने ठोके मोजू लागले होते.

आपल्याकडेही असे घडलेच की! १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' प्रदर्शित झाला. त्याचा नायक मास्टर विठ्ठल हा मूकपटातला आपला मराठी गडी, ढालतलवारीत तरबेज. पण उर्दू उच्चारांशी त्याची गाठ पडेना. म्हणून त्याला बराच वेळ अर्धवट शुद्धीत दाखवले, असे सांगतात. चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नसल्याने पडताळा घेता येत नाही. पण भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने हा चित्रपटसृष्टीतला अत्यंत आदरणीय उपाय आहे. अडचणीचा माणूस अर्धवट शुद्धीत असलेलाच बरा!

आता त्या शेवटच्या दृश्याकडे येते. नव्या बोलपटाचा पहिला खेळ. प्रेक्षक टाळ्या थांबवीत नाहीत, लीनाने प्रत्यक्ष गाऊन दाखवावे असा आग्रह धरतात. कॅथीला पडद्यामागे उभे केले जाते. पुढे लीना ओठ हलवते, मागे कॅथी गाते. आणि डॉन, कॉस्मो व स्टुडिओचा मालक असे तिघे मिळून पडद्याची दोरी ओढतात. गाणारी मुलगी सर्वांना दिसते. ती लाजेने पळू लागते, तेव्हा डॉन सभागृहाला सांगतो की आज तुम्ही ज्या आवाजावर लुब्ध झालात तो या मुलीचा आहे.

पंचविशीत मी या दृश्याला टाळ्या वाजवल्या असतील. सत्तरीत मात्र दोन गोष्टी खटकल्या. पहिली अशी, की दोरी ओढणारे ते तिघे पुरुषच मुळात पडदा टांगणारे होते. युक्ती कॉस्मोची, संमती डॉनची, आज्ञा मालकाची. पडदा त्यांच्या सोयीचा होता तोवर टांगलेला राहिला. सोय संपली तशी सत्याची आठवण झाली. दुसरी गोष्ट लीनाची. बाई स्वार्थी आहे, दुष्टही आहे, हे मान्य. पण जी कला तिने वर्षानुवर्षे कमावली तिची किंमत एका रात्रीत शून्य झाली आणि भरल्या सभागृहात तिचे हसे झाले. भरपाईचा एक शब्दही कोणी उच्चारीत नाही. एकाला न्याय देताना दुसऱ्याचा तमाशा करणे मला आता पाहवत नाही. मृत्यू-परीक्षण बैठकांमध्ये मी तो पुरेसा पाहिला आहे.

चित्रपट संपला आणि नातीने सहज विचारले, "आजी, ही गाणी मग खरंच हिनेच म्हटलीत ना?"

मी ठामपणे 'हो' म्हणणार होते. नातीने तोवर हातातल्या फोनवर शोध घेतलाही. आणि जे निघाले त्याने मी थक्क झाले. चित्रपटात कॅथी ज्या गाण्याने लीनाला आपला गळा उसना देते, ते गाणे डेबी रेनल्ड्सने म्हटलेलेच नाही. ते बेटी नॉइज नावाच्या गायिकेने म्हटले. तिचे नाव श्रेयनामावलीत नाही. आणखी पुढची गंमत ऐका. कॅथी लीनाच्या संवादांचे ध्वनिमुद्रण करताना दिसते, त्या ठिकाणी ऐकू येणारा शुद्ध, भारदस्त आवाज खुद्द जीन हेगनचा आहे! म्हणजे कर्कश आवाजाच्या नटीची भूमिका करणाऱ्या बाईचा खरा आवाज इतका सुरेल होता, की तिला उसना आवाज देणाऱ्या मुलीला तिनेच आपला आवाज उसना दिला. पडदा ओढला जातो, मागची मुलगी दिसते, सभागृह उठून उभे राहते. आणि त्या मुलीच्याही मागे आणखी एक बाई उभी असते. तिच्यावरचा पडदा कोणी ओढला नाही. श्रेय खऱ्या धन्याला द्यावे हे सांगण्यासाठी काढलेल्या चित्रपटानेच ते दिले नाही.

हॉलिवूडमध्ये हा अपवाद नव्हता. 'द किंग अँड आय' (१९५६) मध्ये डेबोरा कर, 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) मध्ये नॅटली वुड आणि 'माय फेअर लेडी' (१९६४) मध्ये ऑड्री हेपबर्न, या तिघींच्या गाण्यांमागे मार्नी निक्सन या एकाच गायिकेचा गळा होता. 'द किंग अँड आय'च्या वेळी, ही गोष्ट फुटली तर या शहरात पुन्हा काम मिळणार नाही अशी तंबी आपल्याला मिळाली होती, असे तिने पुढे सांगितले. ती प्रत्यक्ष पडद्यावर दिसली ती 'द साउंड ऑफ म्युझिक' (१९६५) मध्ये, एका जोगिणीच्या छोट्या भूमिकेत. इतकी वर्षे आवाज दिल्यावर चेहऱ्याच्या वाट्याला आले ते एवढे.

आणि इथे इंदूरकराला आपल्या गल्लीची आठवण होणारच. ते पावसाचे गीत ज्या १९२९ साली पडद्यावर प्रथम आले, त्याच वर्षी २८ सप्टेंबरला आपल्या या गावात लता मंगेशकर जन्मल्या. वीस वर्षांनी 'महल' (१९४९) मधले त्यांचे गाणे देशभर गाजले, तेव्हा तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी'. कामिनी हे त्या चित्रपटातल्या पात्राचे नाव! पात्र गाते, मग गायिका वेगळी कशाला सांगायची, असा तेव्हाचा हिशेब. रेडिओवर श्रोते विचारू लागले, हे गाते कोण? तेव्हा खरे नाव जाहीर झाले. पुढे फिल्मफेअर पुरस्कारांत पार्श्वगायनाला स्थान नव्हते, तेव्हा त्या समारंभात गायला लताबाईंनी नकार दिला. १९५९ साली तो पुरस्कार सुरू झाला, स्त्री-पुरुष मिळून एकच, आणि पहिला त्यांनाच मिळाला. लोक याला मानीपणा म्हणत. मला तो हिशेबातला चोखपणा वाटतो. त्यांनी नाव मागितले म्हणून त्यांच्यामागून आलेल्या प्रत्येक गायक-गायिकेचे नाव आपल्याला ठाऊक आहे. बेटी नॉइजने मागितले नाही, किंवा तिला मागता आले नाही.

एवढे लिहून झाल्यावर चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेल की मी कुठे निघाले आहे. मी भूलतज्ज्ञ आहे. चाळीस वर्षे मीही एका थिएटरात, एका पडद्यामागेच उभी राहिले आहे. रुग्णाच्या छातीवर ताणलेला तो हिरवा कपडा. त्याच्या एका बाजूला पोट, दुसऱ्या बाजूला श्वास. आमच्यात त्याला थट्टेने 'ब्लड-ब्रेन बॅरियर' म्हणतात. रक्त कोणत्या बाजूला आणि मेंदू कोणत्या बाजूला, हे मी शल्यविशारद मित्रांच्या भावना जपून सांगत नाही.

रुग्ण बरा होतो, पेढे येतात, ते शल्यविशारदांच्या नावाने. यात गैर काही नाही; हात त्यांचा असतो. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले, म्हणून तो आमचा जागतिक दिवस. वर्षातला तेवढा एक दिवस आम्हाला गुलाबाचे फूल मिळते. माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणत, "अहो, भूल चांगली दिली की रुग्णाला आपण आठवतच नाही. विस्मरण हेच आपले प्रमाणपत्र." वाक्य छान आहे. मीही ते तरुण डॉक्टरांना पुष्कळदा ऐकवले. आज मला ते तितकेसे पटत नाही.

कारण नाव केवळ कौतुकासाठी नसते. काही वर्षांपूर्वी एक मध्यमवयीन बाई शस्त्रक्रियेसाठी माझ्याकडे आल्या. आधी एका लहान गावी त्यांची शस्त्रक्रिया झाली होती. "तेव्हा भुलीचा काही त्रास?" त्यांना माहीत नव्हते. डिस्चार्ज कार्डावर शल्यविशारदांचे नाव, त्यांची पदवी, दवाखान्याच्या वेळा, औषध दुकानाची जाहिरातसुद्धा होती. भूल कोणी दिली याचा उल्लेख नव्हता. मी भूल दिली, आणि नळी घालताना घशातून स्वरयंत्राचा ठावच लागेना. मदत आली, दुसरी साधने आली, निभावले. नंतर बाईंच्या यजमानांना आठवले, की मागच्या वेळीही "डॉक्टर आत फार वेळ धावपळ करत होते". तो जो कोणी माझा सहकारी होता त्याला ठाऊक होते. त्याने कदाचित नोंदही केली असेल. पण त्याचे नाव कार्डावर असते तर मी त्याला आदल्या रात्री एक दूरध्वनी केला असता. पडद्यामागचा गळा कोणाचा हे न लिहिल्याची किंमत त्या दिवशी एका बाईच्या गळ्याला चुकवावी लागली असती.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगणे जरा जड जाते.

ऐंशीच्या दशकातली रात्र. पोटाची तातडीची शस्त्रक्रिया, तरुण शेतकरी, रक्तस्राव खूप. तेव्हा आमच्याजवळ ना पल्स ऑक्सिमीटर, ना मॉनिटर. बॉइल्स मशीन, नाडीवर बोट आणि डोळे हीच साधने. मी रक्ताच्या बाटलीला हाताने दाब देत होते. लक्ष सारे रक्तदाबाकडे. सिलिंडरच्या दाबमापकाचा काटा अडकलेला असल्याने तो अजून बरेच शिल्लक दाखवीत होता. प्राणवायूचा बॉबिन मात्र खाली येऊ लागला होता, आणि नायट्रस तसाच वाहत होता. याचा अर्थ डॉक्टर वाचकांना सांगायला नको. इतरांना एवढेच सांगते, की आणखी काही मिनिटांत तो तरुण आमच्या हातून गेला असता. मी ते पाहिले नाही. आमच्या थिएटरातल्या तंत्रज्ञाने पाहिले. सारे त्याला दादा म्हणत. एक शब्द न बोलता तो माझ्यामागून वाकला, किल्लीने दुसरा सिलिंडर उघडला आणि मग हळूच म्हणाला, "मॅडम, बदललाय."

रुग्ण जगला. सकाळी त्याचे वडील शल्यविशारदांच्या पाया पडले. शल्यविशारद मोठ्या मनाचे, ते म्हणाले, "माझ्या नाही, मॅडमच्या पडा, रात्रभर त्यांनी श्वास सांभाळला." म्हातारा माझ्या पाया पडला. दादा दोन हातांवर ट्रॉली पुसत उभा होता. मी काही बोलले नाही. भुलीच्या नोंदीतही सिलिंडरचा उल्लेख केला नाही. तो केला असता तर दाबमापकाची तक्रार करावी लागली असती, आणि माझे लक्ष नव्हते हेही लिहावे लागले असते. दादाला मी नंतर 'थँक यू' म्हटले का? म्हटले असेन. आठवत नाही. आठवत नाही, यातच काय ते आले.

म्हणजे पडद्यामागे उभे राहिल्याचे दुःख कुरवाळणारी मी, माझ्यामागेही एकाला उभे करून आले होते. डेबी रेनल्ड्समागे बेटी नॉइज, तसा माझ्यामागे दादा. चित्रपट संपल्यावर नातीने तो प्रश्न विचारला तेव्हा मला आधी आठवला तो दादा.

या चित्रपटातले आणखी काही डॉक्टरांनी विचारात घ्यावे असे आहे. केलीने ते पावसातले नृत्य अंगात १०३ अंश ताप असताना केले, ही कथा मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. ओ'कॉनर त्याच्या भिंतीवर चढून उलट्या कोलांट्या मारण्याच्या गाण्यानंतर अंथरुणाला खिळला. त्यात ती फिल्म खराब निघाली, आणि त्याने सारे पुन्हा केले. चित्रीकरणाच्या वेळी एकोणीस वर्षांची असलेली रेनल्ड्स नर्तिका नव्हतीच. कोचभोवती नाचण्याचे ते तिघांचे गाणे दिवसभर चालले आणि शेवटी तिच्या पायांतून रक्त आले. प्रसूती आणि हा चित्रपट या आयुष्यातल्या सर्वांत अवघड दोन गोष्टी, असे ती पुढे म्हणत असे. तिने आपल्या आठवणींत असेही सांगितले आहे, की ती आजारी पडल्यावर स्टुडिओच्या डॉक्टरकडून 'व्हिटॅमिनची इंजेक्शने' घेऊन तिने कामावर यावे असा आग्रह झाला, आणि तिच्या स्वतःच्या डॉक्टरने तो धुडकावून तिला विश्रांतीची सक्ती केली. त्या काळी स्टुडिओंतून कलाकारांना उत्तेजके कशी दिली जात आणि ज्युडी गार्लंडचे त्यात काय झाले, हे जगजाहीर आहे. म्हणून साऱ्या चित्रपटात न दिसणारा तो डॉक्टर मला फार मोठा वाटतो. संस्थेच्या वेळापत्रकापुढे त्याने रुग्णाची बाजू धरली.

आपण मात्र आपल्या निवासी डॉक्टरांना काय सांगतो? सलग छत्तीस तास जागलेल्या मुलीला ताप आला तर आपण तिला आपल्या काळच्या कथा सांगतो. "आम्ही तर कावीळ अंगावर काढून ड्युटी केली." मीही सांगितल्या आहेत. तापात नाचणाऱ्याला टाळ्या वाजवणे आपण डॉक्टरांनी तरी थांबवावे, असे मला वाटते. एरवी १०३ ताप असलेला रुग्ण पावसात भिजायला निघाला तर आपण त्याला काय म्हणू?

यावर कोणी म्हणेल, बाईंनी एका गोड चित्रपटाचे शवविच्छेदन करून टाकले. तसे नाही. तो आजही गोडच आहे. जगभरचे समीक्षक त्याला सर्वोत्तम चित्रपटांत गणतात, आणि ते योग्यच आहे. १९५२ च्या ऑस्करसाठी त्याला अवघी दोन नामांकने होती, पुरस्कार एकही मिळाला नाही. त्या दोनांपैकी एक जीन हेगनचे, हे वाचून मला बरे वाटले. पावसात दूध मिसळले होते ही सर्वत्र फिरणारी कथाही खरी नव्हे. दिवे मागून लावल्याने धारा दिसतात, इतकेच. पाऊस पाण्याचाच होता.

आता आपल्या संस्थेविषयी. दरवर्षी स्नेहसंमेलनात आपण ज्येष्ठ डॉक्टरांचा शाल-श्रीफळाने सत्कार करतो. माझी सूचना दोन गोष्टींची आहे, आणि ती मी कार्यकारिणीकडे लेखीही देणार आहे. पहिली: आपल्यापैकी ज्यांची स्वतःची रुग्णालये आहेत, त्यांनी डिस्चार्ज कार्डावर भूलतज्ज्ञाचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि भुलीत आलेली अडचण यांसाठी तीन ओळींची जागा ठेवावी. छपाईचा खर्च वाढत नाही. औषध दुकानाची जाहिरात थोडी लहान होईल. दुसरी: पुढच्या वर्षी सत्कार थिएटरच्या परिचारिका, तंत्रज्ञ आणि वॉर्डातल्या सेविकांचा व्हावा, आणि त्यांचे फोटो या स्मरणिकेत नावांसह छापले जावेत. मागील अंक मी चाळून पाहिले. आपल्या फोटोंखाली 'डावीकडून उभे' म्हणून सर्व डॉक्टरांची नावे असतात. कडेला ट्रे धरून उभी असलेली बाई मात्र बिननावाची असते.

दादा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. त्याचा ठावठिकाणा काढायला मला दोन महिने लागले. उज्जैनच्या बाजूला मुलाकडे राहतो, असे कळले. मी गेले. आधी त्याने ओळखले नाही, मग एकदम उठून उभा राहू लागला. मी खांद्यावर हात ठेवून बसवले. सुनेने चहा केला. मी त्याला ती रात्र सांगितली, सिलिंडर, बॉबिन, तो म्हातारा, सगळे. सून दारात उभी राहून ऐकत होती. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते.

दादाने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "मॅडम, त्या काट्याचं मी त्याआधी दोनदा स्टोअरला लिहून दिलं होतं." आणि थोडे थांबून, "पण खाली सही सिस्टरची चालायची ना, माझी नाही."